फक्त एक बोंडलं

लोंढे सिस्टरनी माझ्या एकवीस दिवसांच्या मुलीला कापडी झोळीत घातलं, झोळी काट्याच्या आकड्याला अडकवली आणि काटा माजघरातल्या झोपाळ्याच्या रिकाम्या कडीला टांगला. झोळी एकदा गोल फिरली, उलटी फिरली आणि थांबली. आम्ही सगळे माना वर करून बघत होतो.

“दोन किलो चारशे,” सिस्टर म्हणाल्या. “जन्माला किती होती?”

“दोन आठशे,” मी म्हणालो.

मग माझे सासरे अण्णा म्हणाले, “काटा बिघडलाय.”

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी कालव्याचं पाणी मोजलं होतं, त्यामुळे आकडा पटला नाही की आधी मापावर संशय घ्यायचा ही त्यांची शिस्त. त्यांनी सिस्टरना मुलीला खाली घ्यायला लावलं, स्वयंपाकघरातून साखरेच्या किलोच्या दोन न फोडलेल्या पिशव्या आणल्या आणि झोळीत ठेवल्या. काटा बरोबर दोनवर जाऊन थांबला. अण्णा बराच वेळ तिथेच उभे राहिले. साखर उतरवायचं त्यांना सुचलं नाही.

“काट्याला कशाला बोल लावायचा?” कमळाआत्या म्हणाल्या. कमळाआत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. हे बाळंतपण पार पाडण्यासाठी त्या खास पंढरपूरच्या पुढच्या एका गावाहून आल्या होत्या. “मी आठ दिवसांपासून सांगतेय. आमच्या पोरीला दूधच नाही.”

बाळंतिणीच्या खोलीचं दार उघडं होतं. आत खाटेवर वैजू, माझी बायको, पाठीला उशी लावून बसली होती. तिला ते ऐकू गेलं. तिनं डोक्याचा रुमाल नीट केला आणि भिंतीकडे बघत राहिली.

हे बार्शीतलं, माझ्या सासुरवाडीचं घर. साल शहाण्णव, महिना मार्च. मी तेव्हा साताऱ्याच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत असे. मुलगी झाल्याचं कळताच मी तीन आठवड्यांची बिनपगारी रजा काढून इथे येऊन राहिलो होतो. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे साऱ्यांना मान्य होतं, पण त्यात नवऱ्याने येऊन मुक्काम ठोकायचा हे कुणाच्या बघण्यात नव्हतं. “जावईबापू, कॉलेजातनं काढलं का काय तुम्हाला?” असं आत्यांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं. मी त्यांना सांगितलं की हल्ली वडिलांनीही जबाबदारी घ्यायची असते. त्या म्हणाल्या, “घ्या की. पण दारातनं घ्या.”

मी जबाबदारी घेतली म्हणजे काय केलं, तर एका आलेखाच्या कागदावर तक्ता आखला. वैजू किती वाजता काय खाते, मुलीला किती वाजता अंगावर घेते, मुलगी किती मिनिटं पिते. निळ्या शाईत आई, लाल शाईत मूल. असा तक्ता त्या घरात कुणी पाहिला नव्हता. अण्णा तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत.

निळ्या शाईला उसंत नसे. सकाळी अळिवाची खीर, मग डिंकाचा लाडू, मग बाजरीची भाकरी, शेपूची भाजी आणि लसणाची चटणी, दुपारी खसखशीची खीर, संध्याकाळी शतावरी घातलेलं दूध आणि मेथीचा लाडू. माझ्या आईने साताऱ्याहून डब्यातून अळिवाचे चाळीस लाडू पाठवले होते. ते आल्यावर सासूबाईंनी त्यांच्याकडच्या अळिवात नारळ वाढवला. या सगळ्याच्या वर दिवसभर चालायचा तो आत्यांचा चहा. त्याला चहा म्हणायचे एवढंच. त्यात पत्ती नव्हती, साखर नव्हती आणि दूधही नव्हतं. बाळंतशेपा, बडीशेप, ओवा आणि सुंठेचा तुकडा पाण्यात उकळायचा, गाळायचा आणि थर्मासात भरायचा. थर्मास खोलीबाहेरच्या कोनाड्यात असे. त्याच्या शेजारी मुलीचं चांदीचं बोंडलं. लहान चोचीची वाटी असते तसं ते असतं. अण्णांपासून पुढच्या सगळ्यांना त्याच बोंडल्यातून गुटी पाजलेली होती.

थर्मास रोज संध्याकाळपर्यंत रिकामा होई. “बघा, कशी गुपगुप पिते,” आत्या म्हणत. वैजू म्हणायची, “आत्या, मी दोनच पेले घेते हो.” तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नसे. बाळंतिणीला काय कळतंय!

आणि मुलगी अशी की, दृष्ट लागावी. रडणं नाही, किरकिर नाही. हलली, ओठ मुडपले, की पुन्हा झोप. शेजारच्या बायका येऊन सांगत, आमच्या कार्ट्यांनी सव्वा महिना डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. सासूबाई कृतकृत्य होऊन म्हणत, “गुणाची आहे हो. आईला मुळीच त्रास देत नाही.”

सिस्टरनी मुलीला मांडीवर घेतलं होतं. तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती हळूहळू खाली बसली. मग त्यांनी तळपायाला टिचकी मारली. मुलीने तोंड वाकडं केलं, आवाज काढला नाही.

“कमीच रडते का ही?”

“कमी? रडतच नाही,” सासूबाई म्हणाल्या. तेव्हाही आवाजात थोडा अभिमान होता.

“आजी, ही शांत नाही,” सिस्टर म्हणाल्या. “हिच्यात रडायला जोर नाही.”

सासूबाईंचा हात तोंडाकडे गेला आणि तिथेच राहिला.

“मग डबा आणावा का?” अण्णांनी विचारलं. “पावडरचा? मी आत्ता जातो.”

“आणा,” आत्या म्हणाल्या. “मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं. हिच्या आईलाही कमीच होतं.”

“माझं नाव कशाला काढता, वन्सं? दोन पोरं वाढवली मी.”

“वाढवली. गाईच्या दुधावर.”

“गप बसा हो दोघी,” सिस्टर म्हणाल्या. लोंढे सिस्टर पन्नाशीच्या, उंच, पांढऱ्या साडीला निळा काठ. त्या शहरातल्या निम्म्या लोकसंख्येची नाळ त्यांनी कापली होती, त्यामुळे कुणालाही गप बसा म्हणायचा त्यांना हक्क होता. “हे बघा. मी शनिवारी परत येते. वजन वाढलं नसलं तर पोरीला सोलापूरला नेऊन ठेवायचं. सलाईन लावतील. आईला आत जाऊ देतीलच असं नाही.”

खोलीतून वैजूचा आवाज आला. “सिस्टर, मला नक्की नाहीये का दूध?”

ती विचारत होती त्या सुरात दुसरं कुणी एखाद्या नोकरीचं विचारतं. जागा भरली का.

“बघते,” सिस्टर म्हणाल्या. “आधी दुसरं सांगा. दुपटी किती निघतात दिवसाला?”

“पंधरा-सोळा,” सासूबाई म्हणाल्या. “दोरी पुरत नाही वाळत घालायला.”

सिस्टर मुलीचा लंगोट बांधत होत्या. त्यांचा हात थांबला.

“दूध नाही,” त्या म्हणाल्या, “आणि दुपटी सोळा?”

न्हाऊ घालणारी सगुणाबाई तेलाची वाटी पदराने पुसत उंबऱ्यावर बसली होती. तिनं पुसणं थांबवलं.

“सर, तुम्ही तर्कशास्त्र शिकवता ना? सांगा बघू. आत काही जात नाही. मग बाहेर काय येतंय?”

मी कोनाड्याकडे बघितलं. उत्तर मला आलं होतं.

सिस्टर वाकल्या आणि त्यांनी मुलीच्या तोंडाचा वास घेतला. पुन्हा घेतला.

“शेपा,” त्या म्हणाल्या. “मी पहिल्या दिवशी काय सांगून गेले होते?”

“अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही,” सासूबाई म्हणाल्या.

“पाण्याचा थेंबसुद्धा नाही,” अण्णांनी पूर्ण केलं. आम्हा सगळ्यांना ते पाठ होतं. आम्ही तेव्हा एका सुरात हो म्हणालो होतो.

“मग कोण पाजतंय हिला?”

शेवटी सगुणाबाईच बोलली.

“म्या देते, बाई. खोटं कशाला बोलू? न्हाऊन लेकरू दमतंय, घशाला कोरड पडती. थर्मासातलं एक बोंडलं देते. फकस्त एक.”

“अगं, तू कशाला देतेस?” सासूबाई चमकून म्हणाल्या. “न्हाण्यानंतर मी देते की! तुझ्या हातून घेतलं की लगेच! पोटात वारा धरू नये म्हणून.”

“तुमी देता व्हय? मला काय म्हाईत, वैनी? बोंडलं तर धुतलेलंच असतंय जाग्यावर.”

ते खरं होतं. बोंडलं नेहमी धुतलेलं सापडायचं. त्यामुळे आपल्या आधी ते कुणी वापरलं असेल असं कुणाच्या मनात येत नसे. स्वच्छतेच्या बाबतीत ते घर कुणाला ऐकणारं नव्हतं.

“किती?” सिस्टरनी सासूबाईंना विचारलं.

“एकच. म्हणजे, दोन.”

“तुम्ही, आत्या?”

“मी आपली सकाळ-संध्याकाळ,” आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. “मधाचं बोट फिरवून. दूध नाही तर निदान पोरीच्या पोटात काहीतरी...”

“मध?”

“घरचा आहे. भेसळ नाही त्यात.”

सिस्टरनी डोळे मिटले आणि उघडले. “वर्षाच्या आत मध पाजत नसतात, आत्या. जिवावर बेतू शकतं. सकाळ-संध्याकाळ मिळून बोंडली किती?”

“चार.”

“मी तो काढा कधीही दिलेला नाही,” अण्णा खणखणीत म्हणाले. मग त्यांना सगळे आपल्याकडे बघताना दिसले. “मी फक्त पाणी देतो. उकळून गार केलेलं. मार्च महिना आहे, सिस्टर. आपल्याला तहान लागते, मुलीला लागत नसेल? तीनच बोंडली. मोजून.”

कालवा गेला तरी मोजणं गेलं नव्हतं.

सिस्टरनी सासूबाईंकडे काचेचा पेला मागितला. सासूबाईंनी पाहुण्यांसाठीचा, फुलांची नक्षी असलेला आणला. मग पाण्याचा तांब्या आणि बोंडलं. सिस्टरनी तिन्ही वस्तू माजघरातल्या स्टुलावर मांडल्या.

“जो जेवढं पाजतो तेवढं त्यानं यात ओतायचं. खरं खरं. सगुणाबाई, या.”

सगुणाबाईने हात पदराला पुसले, बोंडलं भरलं, पेल्यात ओतलं. थोडी थांबली. दुसरंही ओतलं. “मंगळवारी-शुक्रवारी डोकं धुते, तवा दोन,” असं पुटपुटून ती जागेवर जाऊन बसली. सासूबाईंनी दोन ओतली. थोडं पाणी स्टुलावर सांडलं. ते त्यांनी पदराने टिपलं आणि सांडलं तेवढं पुन्हा भरून घातलं. खोटेपणा नको. आत्यांनी चार. त्या प्रत्येक बोंडल्याला काहीतरी पुटपुटत होत्या. आम्हाला वाटलं मोजतायत, पण त्या देवाचं नाव घेत होत्या. अण्णांनी तीन, काठोकाठ.

पाणी पेल्यावरच्या फुलांच्या बरंच वर गेलं होतं. सिस्टरनी मुलीची मूठ आपल्या दोन बोटांत धरली आणि पेल्याशेजारी नेली.

“हिचं पोट एवढं,” त्या म्हणाल्या. “हिच्या मुठीपेक्षा थोडंसं मोठं. हे सगळं पाणी जाऊन बसल्यावर दुधाला जागा कुठली? तिला भूक लागेल कशी? भूक नाही तर ओढेल कशी? बाळ ओढतं तेवढं दूध येतं. ओढायला कुणी नसलं तर हिनं चाळीस लाडू खाऊन काय करायचं?”

“अगं बाई,” आत्या म्हणाल्या. “अगं बाई. मीच उपाशी ठेवलं की गं.”

वैजू दारात येऊन उभी राहिली होती. बाळंतिणीनं खोलीबाहेर यायचं नाही असं होतं. तिला आत जा म्हणायला कुणाचं तोंड उघडलं नाही. ती पेल्याकडे बघत होती. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडत नव्हती. उलट तिच्या चेहऱ्यावर, कसं सांगू, कुणीतरी खूप दिवसांनी दार उघडलं तर घरातल्याच्या चेहऱ्यावर येतं तसं काहीतरी येत होतं.

“म्हणजे मला आहे,” ती म्हणाली.

“का नसेल? या, बघू.” सिस्टरनी मुलगी सासूबाईंच्या मांडीवर दिली, वैजूला आत नेलं, दार लोटलं. दोन मिनिटांत बाहेर आल्या. “छातीत गाठी झाल्यात दुधाच्या. हिला रोज दुखत असणार. आणि ही बया कुणाला बोलली नाही.”

“मी सांगितलं होतं,” वैजू मागून येत म्हणाली. “आत्या म्हणाल्या, वारा भरलाय, शेक घे.” मग ती माझ्याकडे वळली. “अहो, तुमचा कागद दाखवा सिस्टरना. ह्यांनी सगळं लिहून ठेवलंय, सिस्टर. मिनिटंसुद्धा. या घरात तेवढं एकच माणूस डोळे उघडे ठेवून होतं.”

मी कागद आणला. सिस्टरनी चष्मा लावला आणि लाल शाईवरून बोट फिरवलं. चौथ्या दिवशी नऊ वेळा. अकराव्या दिवशी सहा. काल चार.

“हे बघा, कसं कमी होत गेलंय. कागद चांगला आहे, सर. हे बघून काही वाटलं नाही तुम्हाला?” त्यांचं बोट एका जागी थांबलं. “दुपारी दोन ते साडेचार रोज कोरं का? सोळा-सतरा दिवस एकदाही पाजलेलं नाही.”

“तेव्हा मी झोपलेली असते,” वैजू म्हणाली. “घरचे सगळेच झोपतात. हे बसतात तिच्याजवळ.”

सिस्टरनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. मग वैजूनं बघितलं. मग सगळ्यांनीच.

मला सांगायला हरकत नव्हती असं मी म्हणणार नाही. पेल्यात अकरा बोंडली होती. बारावं कुणी मागितलं नव्हतं. गप्प बसलो असतो तर आजही या घरातला डोळे उघडे ठेवणारा माणूस मीच असतो. पण सिस्टरनी तांब्या माझ्याकडे सरकवला.

मी बोंडलं घेतलं नाही. मी बोंडलं कधीच वापरलं नव्हतं, ते मला अशास्त्रीय वाटायचं. मी माझ्या बॅगेतून खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं टोपण काढून आणलं. त्यावर मिलिलिटरच्या रेघा होत्या. ते मी रोज उकळत असे. थर्मासातलं पाणी मी पुन्हा गाळत असे, मनगटावर थेंब टाकून बघत असे. या घरातल्या लोकांनी जे अडाणीपणाने केलं तेच मी अतिशय व्यवस्थित केलं होतं.

मी टोपण तिसाच्या रेघेपर्यंत भरलं आणि पेल्यात ओतलं. दुसऱ्यांदा भरलं. पाणी पेल्याच्या काठावर आलं, फुगलं आणि नक्षीवरून खाली ओघळलं.

“बाई गं,” सगुणाबाई म्हणाली. “सायेबांचंच जास्ती.”

“दोन वाजता एक,” मी म्हणालो. “साडेतीनला एक.”

“कधीपासून?” वैजूने विचारलं.

“तू घरी आल्यापासून. सतरा दिवस.”

“कागदात कुठे आहे?”

“त्याला रकाना नव्हता.”

“मला उठवलं का नाही?”

“तुझी झोप मोडू नये म्हणून,” मी म्हणालो. हे मी बोललो तेव्हाही मला वाटत होतं की हे उत्तर चांगलं आहे. “ती जरा हलली की मी तिला उचलून पडवीत न्यायचो. रडायच्या आत. तुला आराम मिळावा एवढंच.”

वैजू ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मी झोपत नव्हते,” ती म्हणाली. “एक दिवस झोपले नाही. दुपारी छाती भरून यायची, दगडासारखी. मी डोळे मिटून पडून राहायचे आणि वाट बघायचे. म्हणायचे, आता रडेल, आता रडेल, रडली की घेते. तुम्ही तिला बाहेर न्यायचात. मला वाटायचं, खेळवताय. परत आणायचात तेव्हा ती झोपलेली असायची. रोज. मला वाटलं, तिला मी नको आहे.”

आत्या पदरात तोंड घालून रडायला लागल्या. अण्णांनी झोळीतल्या साखरेच्या पिशव्या उचलल्या आणि त्या कुठे ठेवाव्यात हे न कळून हातातच धरून उभे राहिले.

वैजूनं सासूबाईंच्या मांडीवरून मुलगी घेतली. “काय करायचं सांगा.”

“दर दोन तासांनी अंगावर घ्यायची. झोपली असली तरी उठवून. कंटाळली की बाजू बदलायची. दुसरं काही नाही. ही आता एक-दोन दिवस रडेल. रडू द्या. रडली तर आनंद माना.”

“आणि चहा?”

“तू पी की हवा तेवढा. चांगला आहे. तुझ्यासाठी आहे.”

“बरं,” वैजू म्हणाली. तिनं कोनाड्यातला थर्मास उचलला, मुलीला खांद्याशी धरलं आणि आत गेली. दार लावलं. मग कडी लावल्याचा आवाज आला. त्या घरात आतल्या दारांना दिवसा कडी लावायची पद्धत नव्हती. मला वाटतं त्या कडीचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

सिस्टर झोळी गुंडाळून निघून गेल्या. शनिवारी वजन शंभर ग्रॅमने वाढलेलं निघालं, पुढच्या शनिवारी आणखी दोनशे पंचवीस, सोलापूरला जावं लागलं नाही. पण ते पुढचं. त्या दुपारी आम्हाला ते माहीत नव्हतं. त्या दुपारी आम्ही पाच जण पडवीत ओळीने बसलो होतो. सासूबाई, आत्या, अण्णा, सगुणाबाई आणि मी. जेवायला कुणी उठलं नाही. कुणाला कुणावर रागवावं हेही ठरवता येत नव्हतं, कारण प्रत्येक जण दुसऱ्याइतकाच दोषी होता आणि मी साठ मिलिलिटर घेऊन सगळ्यांच्या पुढे होतो.

तास गेला असेल. मग आवाज यायला लागला. आधी बारीक, घशात अडकलेला, मांजराच्या पिल्लासारखा. मग तो फुटला. लांबलचक, खरखरीत, संतापलेला. श्वास संपेपर्यंत चालला, थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

अण्णांनी मान वर केली. गल्लीच्या दिशेने कान दिला.

“कुणाचं बाळ रडतंय गं?” त्यांनी सासूबाईंना विचारलं.